लांबच्या सायकल प्रवासासाठी हब गिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागे कॅरिअरला दोन पॅनिअर पिशव्या, वर तंबू, समोर घाट. अशा सायकलीला कोणते गिअर असावेत, हा प्रश्न कोकणात किंवा सह्याद्रीच्या आसपास आठवडाभर भटकून आलेला प्रत्येक जण कधीतरी विचारतो. मागच्या चाकाच्या हबमध्येच (मधल्या नळकांड्यात) बंद असलेले गिअर हे त्याचं एक उत्तर आहे. आपल्याकडे ते कमी दिसतं, म्हणून शंका जास्त असतात. माझं मत आधीच सांगतो: गिअर किती आहेत हे नंतर बघा, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते आधी मोजा. खालची बरीचशी उत्तरं याच मुद्द्याकडे जातात.

हब गिअरच्या आत नेमकं काय असतं?

मध्यभागी धुरीला पक्कं बसवलेलं एक दातेरी चक्र असतं, त्याला सन गिअर म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार छोटी चक्रं म्हणजे प्लॅनेट गिअर. ती एका पिंजऱ्यात बसवलेली असतात. सगळ्यांच्या बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेलं कडं असतं. चेनने पिंजरा फिरवायचा आणि कड्याने चाक, की कडं फिरवायचं आणि पिंजऱ्याने चाक, एवढ्या अदलाबदलीवर गिअर ठरतो.

मूळच्या इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधल्या स्टर्मी-आर्चरचा १९३६ पासूनचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब समजायला सगळ्यात सोपा आहे. त्यात सन गिअरला २० दाते आणि बाहेरच्या कड्याला ६०. वीस भागिले साठ म्हणजे एक तृतीयांश. म्हणून वरच्या गिअरमध्ये चाक स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या मागच्या दातेरी चक्राच्या) वेगाच्या १.३३ पट फिरतं. खालच्यात उलट, म्हणजे ०.७५ पट. मधल्या गिअरमध्ये चक्रांचा संबंधच येत नाही, स्प्रॉकेट आणि चाक एकास एक फिरतं. याला डायरेक्ट गिअर म्हणतात, आणि हा शब्द पुढे उपयोगी पडणार आहे.

आठ, अकरा किंवा चौदा गिअरच्या हबमध्ये असेच संच एकापुढे एक जोडलेले असतात. तत्त्व तेच.

डिरेलर चांगला चालत असताना हब कशाला?

डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी नेहमीची यंत्रणा. तीन कारणं मला महत्त्वाची वाटतात आणि तिन्ही आपल्या रस्त्यांशी जोडलेली आहेत.

पहिलं, थांबलेल्या सायकलीवर गिअर बदलता येतो. सागरी मार्गाने जाताना वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटी लागतात. बोट लागली की गाड्यांची आणि माणसांची घाई असते आणि जेटी संपताच चढ सुरू होतो. डिरेलरवर जड गिअरमध्ये अडकलात तर मागचं चाक उचलून पेडल फिरवावं लागतं; वीस किलो सामान बांधलेलं असताना हे जमत नाही. हबवर उभ्या उभ्या मनगट फिरवायचं आणि निघायचं.

दुसरं, चिखल. पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल डिरेलरच्या छोट्या चक्रांमध्ये आणि कॅसेटच्या (मागच्या चक्रांच्या संचाच्या) फटींमध्ये घट्ट बसतो. हबमध्ये नाजूक भाग सगळे आत असतात. बाहेर फक्त पेडलजवळचं एक चेनरिंग, मागे एक स्प्रॉकेट आणि सरळ रेषेत चालणारी चेन. चेन एकाच ओळीत राहत असल्यामुळे पूर्ण झाकणारं चेनकव्हरही बसवता येतं, जुन्या रोडस्टर सायकलींना असायचं तसं. समुद्राच्या खाऱ्या हवेत चेन वाचते ती अशा कव्हरमुळे.

तिसरं कारण फारसं बोललं जात नाही: चाकाची ताकद. कॅसेटला जागा द्यायला डिरेलरच्या मागच्या चाकात उजवीकडचे स्पोक उभे आणि जास्त ताणलेले असतात, डावीकडचे सैल. ओझ्याच्या सायकलीचे स्पोक तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे. हब गिअरच्या चाकात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात. रोलॉफ या चौदा गिअरच्या जर्मन हबमध्ये तर त्या तंतोतंत सारख्या आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकाच मापाचे स्पोक लागतात.

मग तोटे काय?

किंमत, वजन आणि दुरुस्ती. रोलॉफचा नुसता हब हजार युरोंच्या वर जातो. वजन डिरेलरच्या संचापेक्षा साधारण अर्धा ते एक किलो जास्त, आणि ते सगळं मागच्या चाकात. सामानाच्या सायकलीवर मला हे वजन अडचणीचं वाटत नाही. रिकामी सायकल खांद्यावर घेऊन जिना चढताना मात्र जाणवतं.

दुरुस्तीचा तोटा गंभीर आहे. डिरेलर वाकला तर एखादा हुशार मेकॅनिक तो हाताने सरळ करून देईल, नाहीतर चेन आखूड करून एका गिअरवर सायकल चालती करेल. हबच्या आतलं काही मोडलं तर रस्त्यावर काहीही होत नाही. असं मोडणं विरळ आहे, पण झालं तर सायकल टेम्पोत टाकावी लागते. निर्णय घेताना ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा.

कोणते हब उपलब्ध आहेत आणि घाटासाठी कोणता?

इथे थोडं गणित करू, कारण दुकानदार पट सांगतात आणि पट फसवा असतो. सगळ्यात जड गिअर हा सगळ्यात हलक्याच्या किती पट आहे, त्या आकड्याला पट म्हणतात. तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चरचा १७८ टक्के, शिमानो नेक्सस ८ आणि अल्फिन ८ चा ३०७, अल्फिन ११ चा ४०९ आणि रोलॉफ स्पीडहबचा ५२६.

आता अल्फिन ८ आणि अल्फिन ११ घ्या. आकड्यांवरून वाटतं की अकरावाला घाटात कितीतरी बरा असणार. पण दोन्हींचा पहिला गिअर सारखाच आहे, ०.५२७. जास्तीचा सगळा पट वरच्या, जड बाजूला गेलेला आहे. अल्फिन ११ चा शेवटचा गिअर २.१५३ आहे, म्हणजे उतारावर किंवा पाठीमागून वारा असताना उपयोगी. ओझं घेऊन चढणाऱ्याला त्यातून जवळजवळ काही मिळत नाही.

खरा आकडा म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते. ७०० सी चाकाला ४० मिमीचं टायर असेल तर घेर साधारण २.२ मीटर. आठ गिअरच्या शिमानोला पुढे ३८ आणि मागे १९ दाते लावले, तर पहिल्या गिअरमध्ये सायकल २.३२ मीटर जाते. अल्फिन ११ ला ३९ आणि २० लावले तर २.२६ मीटर. रोलॉफला ४० आणि २१ लावले तर १.१७ मीटर. तुलनेसाठी, पुढे २२ आणि मागे ३४ दात्यांच्या डिरेलरवर १.४२ मीटर.

याचा पायांवर काय परिणाम होतो ते बघा. तुम्ही ७० किलो, सायकल १८, सामान २२, मिळून ११० किलो. चढ आठ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. घाटाच्या वळणांवर आणि खाडीतून वर येणाऱ्या रस्त्यांवर असा चढ सर्रास भेटतो. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या म्हटलं तर शिमानोच्या पहिल्या गिअरमध्ये ताशी आठ किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागतो आणि त्यासाठी सुमारे २२० वॅट लागतात. एवढी ताकद तासभर देणं शर्यतीच्या तयारीतल्या माणसाचं काम. रोलॉफवर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ताशी चार किलोमीटरच्या जरा वर आणि ताकद साधारण ११० वॅट. ही ताकद नियमित सायकल चालवणारी बहुतेक माणसं तासन्‌तास देऊ शकतात.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. कुंभार्ली, आंबा, वरंधा, फोंडा यांपैकी कोणताही घाट सामानासह चढायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर रोलॉफ. सामान कमी, घाट कमी, किंवा थोडं चालायची तयारी असेल, तर अल्फिन ८ किंवा नेक्सस ८; पैशाच्या मानाने ते फार चांगले हब आहेत. अल्फिन ११ ची शिफारस मी ओझ्याच्या प्रवासाला करत नाही.

एनव्हिओलो या हबमध्ये (पूर्वीचं नाव नुव्हिंची) पायऱ्याच नसतात, गुणोत्तर सलग बदलतं. शहरात आणि विजेच्या सायकलींवर छान, पण अडीच किलोच्या आसपासचं वजन आणि जेमतेम ३८० टक्क्यांचा पट घेऊन लांब प्रवासाला जावं असं मला वाटत नाही.

मागे मोठं आणि पुढे छोटं चक्र लावून पहिला गिअर आणखी हलका करता येईल का?

येईल, पण मर्यादेत. चेनरिंग लहान आणि स्प्रॉकेट मोठं केलं की तुमच्या पायाचा जोर हबपर्यंत जास्त पीळ बनून पोहोचतो. पुढच्या-मागच्या दात्यांचं गुणोत्तर जितकं कमी, तितका आतल्या छोट्या चक्रांवर ताण जास्त. म्हणून प्रत्येक कंपनी किमान गुणोत्तर सांगते. रोलॉफचं म्हणणं असं: चालकाचं वजन १०० किलोपर्यंत असेल तर १.९ पर्यंत खाली या, त्याहून जास्त असेल किंवा टँडम (दोघांनी चालवायची सायकल) असेल तर २.५ च्या खाली जाऊ नका. शिमानो आठ गिअरच्या हबला दोनाच्या आसपासचं गुणोत्तर सुचवते. काही प्रवासी याच्या खाली जातात आणि त्यांचे हब टिकतातही, पण उभं राहून, पेडलवर सगळं वजन टाकून चढायची सवय असेल तर हा धोका पत्करू नये. हमीचाही प्रश्न येतो.

दुसऱ्या टोकाकडून विचार करणं मला जास्त आवडतं: डायरेक्ट गिअर सपाट रस्त्यावरच्या तुमच्या नेहमीच्या वेगाला जुळतोय का? रोलॉफमध्ये तो अकरावा असतो, शिमानोच्या आठ गिअरमध्ये पाचवा. वरच्या मापांनी रोलॉफचा अकरावा गिअर मिनिटाला ७५ फेऱ्यांना ताशी १९ किलोमीटर देतो. सामान घेऊन सपाटीवर आपण त्याच वेगाच्या आसपास असतो. दिवसाचा मोठा भाग सगळ्यात कमी घर्षणाच्या गिअरमध्ये जातो, हे चांगलं जुळणीचं लक्षण.

गिअरमधलं अंतर सारखं असतं का?

रोलॉफमध्ये हो. चौदा गिअरमधल्या तेराही पायऱ्या १३.६ टक्क्यांच्या. पायाला त्याची लगेच सवय होते, कारण प्रत्येक बदल सारखाच वाटतो. शिमानोच्या आठ गिअरमध्ये पहिला ते दुसरा २२ टक्के, मग १६, १४, १८, पुन्हा २२, १६, १४. यातली पाचव्यावरून सहाव्यावर जाणारी २२ टक्क्यांची उडी सपाट रस्त्यावर खटकते: पाचव्यात पाय फार भरभर, सहाव्यात जरा जड. अल्फिन ११ मध्ये पहिली पायरी २९ टक्क्यांची आहे, पुढच्या सगळ्या १३-१४ च्या.

चढावर गिअर बदलताना अडकतो किंवा खटका बसतो. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा पायात. डिरेलरवर गिअर बदलायला पेडल फिरत राहावं लागतं. ती सवय घेऊन हबवर आलात की तुम्ही चढावर जोर लावत असतानाच गिअर पाडायला बघता. हबच्या आत एका चक्राला धरून ठेवणारा खटका सुटायला हवा असतो, आणि तुमचा पूर्ण जोर त्याच खटक्यावर असतो. तो सुटत नाही. मग एकदम सुटतो आणि आवाज येतो.

यावर उपाय एका क्षणाचा आहे. पेडल फिरतं ठेवा, पण अर्ध्या फेरीपुरता जोर काढून घ्या आणि त्याच वेळी गिअर बदला. दोन्ही क्रँक उभे असतात, म्हणजे एक पेडल वर आणि एक खाली, तेव्हा पायाचा जोर आपोआपच सगळ्यात कमी असतो. तो क्षण पकडायला शिका. सुरुवातीला मोठ्याने मोजावं लागतं, मग पायच ते करू लागतात. फार वेळ थांबू नका. आठ टक्क्यांच्या चढावर ओझ्याची सायकल दोन सेकंदांत थबकते.

चढ सुरू व्हायच्या आधी गिअर पाडायचा हा डिरेलरवाल्यांचा नियम इथेही चांगला आहे, पण तेवढा कडक नाही. वळणानंतर अचानक भिंतीसारखा चढ समोर आला तर रोलॉफवर एका पिळात चार-पाच गिअर खाली येता येतं. फक्त सीटवर बसून बदला. उभं राहून पेडल मारताना गिअर बदलायची सवय मोडून टाका.

रोलॉफची एक जागा वेगळी लक्षात ठेवायची: सातवा आणि आठवा. हबच्या आतलं वेग कमी करणारं मोठं यंत्र तिथे बदलतं आणि एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. जोर ठेवून आठव्यातून सातव्यात आलात तर क्षणभर चौदावा गिअर लागतो. चढावर अचानक चौदावा म्हणजे पेडल जागच्या जागी थांबल्यासारखं वाटतं आणि तोल जाऊ शकतो. या एका बदलाला जोर पूर्ण काढा. आठवडाभरात ते अंगवळणी पडतं.

जुन्या तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चरमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक मोकळी जागा असते. केबल नीट जुळलेली नसेल तर पेडल एकदम रिकामं फिरतं. उभं राहून जोर लावत असाल तर माणूस पडतो. अशी सायकल घेतली तर पहिल्याच दिवशी केबल जुळवून घ्या.

हबमध्ये ताकद वाया जाते असं म्हणतात. किती?

चेस्टर काइल आणि फ्रँक बेर्टो या सायकल अभ्यासकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हब गिअर सरासरीने डिरेलरपेक्षा साधारण दोन टक्के मागे होते. काही गिअरमध्ये फरक जास्त असतो, डायरेक्टमध्ये सगळ्यात कमी. पण हा फरक स्वच्छ, तेल लावलेल्या डिरेलरच्या तुलनेतला आहे. तीन दिवस पावसात आणि चिखलात फिरलेल्या डिरेलरची चेन तेवढी स्वच्छ राहत नाही. शर्यतीत दोन टक्के पुष्कळ झाले, तंबू घेऊन फिरताना नाहीत.

रोलॉफचा सातवा गिअर एवढा आवाज का करतो?

पहिल्या सात गिअरना वेग कमी करणाऱ्या यंत्रातून जावं लागतं, आणि सातव्यात त्याचा गुणगुणाट सगळ्यात जास्त ऐकू येतो. हब बिघडलेला नाही. काही हजार किलोमीटरनंतर आवाज कमी होतो, पूर्ण जात नाही. आठव्यात गेलात की शांत.

आहे त्या सायकलीला हब बसवता येईल का?

चाकाची जागा किती रुंद आहे ते आधी मोजा. रोलॉफ आणि अल्फिन ८ साठी मागच्या चिमट्यात १३५ मिमी लागतात. आरपार धुरीची फ्रेम असेल तर रोलॉफची त्यासाठीची वेगळी आवृत्ती आहे, शिमानोचे हे हब तिथे बसत नाहीत.

मग चेनचा ताण. डिरेलर नसल्यामुळे सैल चेन ओढून धरणारं काही उरत नाही. चाक मागे-पुढे सरकवता येईल अशी आडवी खाच, सरकणारे ड्रॉपआउट (चाक अडकवायच्या खाचा) किंवा पेडलांमधल्या बेअरिंगच्या जागी विकेंद्री तबकडी, यांपैकी एक असेल तर उत्तम. काहीच नसेल तर चेन ताणणारं छोटं चक्र लावावं लागतं. ते चालतं, पण चिखलापासून सुटका हा अर्धा फायदा गेला.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. खालच्या गिअरमध्ये चाक पुढे फिरतं तेव्हा धुरी उलटी फिरायला बघते, आणि तो पीळ जबरदस्त असतो. तो फ्रेमने धरायचा असतो: शिमानोमध्ये न फिरणारे वॉशर, रोलॉफमध्ये धुरीवरची खास प्लेट किंवा फ्रेमला बांधलेला दांडा. शिमानोचे वॉशर खाचेच्या कोनानुसार वेगवेगळे येतात आणि डावा-उजवाही वेगळा असतो. चुकीचा लावला तर धुरी फिरते आणि खाच खराब होते.

फ्रेम मुळातच हबसाठी बनवलेली असेल तर हे सगळे प्रश्न मिटतात. इंग्लंडची थॉर्न, नेदरलँड्सच्या कोगा आणि सान्तोस, जर्मनीची टूट टेरेन अशा कंपन्या या कामासाठी ओळखल्या जातात.

चेन घ्यावी की बेल्ट?

बेल्टला तेल लागत नाही, आवाज नाही, गंज नाही. गेट्सचा कार्बन बेल्ट युरोपात प्रवासी सायकलींवर खूप दिसतो. पण तो तोडून जोडता येत नाही, त्यामुळे फ्रेमचा मागचा त्रिकोण एका जागी उघडणारा लागतो. आणि बेल्ट गेला तर देवरूखच्या किंवा पाटणच्या दुकानात तुम्हाला तो मिळणार नाही.

चेनचं उलट आहे. आपल्याकडच्या साध्या रोडस्टरची रुंद चेन कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते आणि ती हब गिअरच्या अरुंद दात्यांवरही चालते. अरुंद चेन रुंद दात्यांवर चढत नाही, पण रुंद चेन अरुंदावर बसते. महाराष्ट्रात फिरणाऱ्याला मी चेनच सांगेन. बेल्ट घेणार असाल तर एक जास्तीचा बेल्ट सोबत ठेवा, आणि तो दुमडून किंवा पिळून ठेवू नका, आतले तंतू मोडतात.

घाट उतरताना कोणता ब्रेक?

डिस्क, किंवा रिमवरचा चांगला व्ही-ब्रेक. नेक्ससबरोबर येणारा रोलर ब्रेक शहरात उत्तम, पण लांब उतारावर सलग दाबून ठेवला तर तापतो आणि धरेनासा होतो. अर्ध्या तासाचा उतार आणि वीस किलो सामान, तिथे तो नको.

मागचं चाक पंक्चर झालं तर?

चाक काढायलाच हवं असं नाही. आपले पंक्चरवाले पिढ्यान्‌पिढ्या चाक न काढता पंक्चर काढत आलेत: सायकल आडवी करायची, टायरची एक बाजू रिमवरून उतरवायची, ट्यूब त्या बाजूने बाहेर ओढून भोक शोधायचं, ठिगळ लावून परत आत सरकवायची. हब गिअरच्या सायकलीला हीच पद्धत सगळ्यात सोयीची. त्यासाठी ट्यूबबरोबर ठिगळं आणि सोल्यूशन ठेवा.

ट्यूब बदलायचीच असेल तर चाक काढावं लागतं. रोलॉफच्या बाहेरच्या गिअरपेटीच्या आवृत्तीत एक स्क्रू हाताने सोडवला की केबलची पेटी निघते. शिमानोमध्ये केबल हबवरच्या जोडातून सोडवावी लागते आणि १५ मिमीचा पाना लागतो. हे घरी करून बघा, हात काळे करून. पावसात, रात्री, टॉर्चच्या उजेडात ते पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

केबल सैल झाली किंवा तुटली तर?

शिमानोमध्ये गिअर जुळतो तो केबलच्या ताणावर. आठ गिअरच्या हबमध्ये चौथा गिअर टाकून (अल्फिन ११ मध्ये सहावा) जोडावरच्या छोट्या खिडकीतल्या दोन रंगीत रेघा समोरासमोर आणायच्या, बस्स. गिअर निसटायला लागला तर आधी हेच बघा, हब उघडायची भाषा नंतर. निसटणारा गिअर तसाच चालवत राहिलात तर मात्र आतले दाते झिजतात.

रोलॉफमध्ये गिअरचे टप्पे हबच्या आतच असतात, म्हणून केबल थोडी सैल असली तरी काही बिघडत नाही. केबल तुटलीच तर बाहेरच्या पेटीच्या आवृत्तीत पेटी काढून ८ मिमीच्या पान्याने हवा तो गिअर लावता येतो. शिमानोची केबल तुटली तर हब एका टोकाच्या गिअरला जाऊन थांबतो. तुमच्या हबमध्ये ते टोक कोणतं, हे प्रवासाआधी केबल सोडून बघून ठेवा आणि एक केबल सोबत न्या.

ऑइल कधी बदलायचं? पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

रोलॉफमध्ये ऑइल असतं, दर ५००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलायचं. आधी धुण्याचं ऑइल घालून चालवायचं, मग काढून नवं भरायचं. घरी अर्ध्या तासाचं काम. अल्फिन ११ मध्येही ऑइल असतं: पहिल्यांदा १००० किलोमीटरला, नंतर ५००० किलोमीटर किंवा दोन वर्षांनी. नेक्सस ८ आणि अल्फिन ८ ग्रीसवर चालतात. त्यांचा आतला संच बाहेर काढून देखभालीच्या ऑइलमध्ये बुडवून परत बसवतात. हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या.

रोलॉफच्या हबवर थोडं ऑइल पाझरलेलं दिसलं तर घाबरू नका, पुसून टाका.

पाण्याचं भान ठेवा. पावसाने काही होत नाही. पण उन्हात तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलात की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ओढा खोल असेल तर सायकल उचलून न्या. मोटारसायकली धुतात त्या वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवाराही हबवर मारू देऊ नका. बादली आणि फडकं पुरे.

सोबत कोणते सुटे भाग न्यावेत?

गिअर केबल, तुमच्या चाकाच्या मापाचे चार-पाच स्पोक, चेनचा जोड, १५ मिमीचा पाना, रोलॉफसाठी ८ मिमीचा. स्पोक विशेष महत्त्वाचे आहेत. हबचा परीघ मोठा असल्यामुळे त्याचे स्पोक नेहमीपेक्षा आखूड असतात आणि ते माप गावच्या दुकानात नसतं.

भारतात हे हब कुठून घ्यायचे?

आपल्या बाजारात गिअरच्या बहुतेक सायकली डिरेलरच्या, त्यामुळे हब गिअर बहुधा परदेशातून येतो. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणारे मराठी लोक इथे फायद्यात आहेत: तिथे हे हब रोजच्या सायकलींवर असतात, चाक बांधून देणारे कारागीर असतात आणि जुनी सायकलही चांगल्या भावात मिळते. कोणी आणून देणार असेल तर नुसता हब मागवू नका. तिथेच रिमवर बांधलेलं पूर्ण चाक मागवा, आणि त्याबरोबर ऑइलचा संच, दोन स्प्रॉकेट आणि जास्तीचे स्पोक. आयात शुल्काची चौकशी आधीच करा.

जुना हब घेताना काय तपासायचं?

सायकल उलटी करून प्रत्येक गिअर हाताने फिरवा. कुठे रिकामं फिरतंय, कुठे अडतंय ते हाताला कळतं. मग चालवून, चढावर, प्रत्येक गिअरमध्ये जोर लावा. गिअर निसटला तर आधी केबल जुळवा आणि पुन्हा बघा, त्यानंतरही निसटत असेल तर सोडून द्या. स्पोक बसतात त्या कडेला भोकांच्या आसपास तडे आहेत का ते भिंगाने बघा. फ्रेमच्या खाचा धुरीने खरडल्या असतील तर वॉशर चुकीचे लावले होते असं समजा. रोलॉफचं स्प्रॉकेट उलटून दुसऱ्या बाजूने वापरता येतं, तेव्हा दाते झिजलेले दिसले तर ते एकदा उलटलेलं आहे की नाही हेही विचारा.

पिनियनचं काय?

पिनियनमध्ये गिअरपेटी मागच्या हबमध्ये नसते, पेडलांच्या मधे असते. जर्मनीतली ही कंपनी १८ गिअर आणि ६३६ टक्के पट देते, पायऱ्या साडेअकरा टक्क्यांच्या. वजन सायकलच्या मध्यात येतं आणि मागचं चाक साधं राहतं, म्हणून पंक्चर आणि स्पोक दोन्ही सोपे. ऑइल दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा. अडचण एकच: फ्रेम खास त्याच पेटीसाठी बनवलेली लागते, आहे त्या सायकलीला ती लावता येत नाही. पूर्ण नवी सायकल घेणार असाल आणि हा खर्च झेपत असेल तर मी रोलॉफच्या आधी पिनियन चालवून बघा असं सांगेन. फक्त तिच्यातही जोर लावून गिअर पाडता येत नाही, पाय क्षणभर हलका करावाच लागतो.

नवा हब लावून किती दिवसांनी लांब निघावं?

किमान पाचशे किलोमीटर चालवून. तेवढ्यात केबल ताणून स्थिर होते, चेन थोडी लांबून एकदा ताणावी लागते आणि नव्या चाकाचे स्पोक बसतात. ते एकदा कारागिराकडून तपासून घ्या. यातला एक दिवस सगळं सामान बांधून जवळच्या घाटात घालवा. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, सगळ्यात उभ्या वळणावर, बसून चढता येतंय का ते तिथेच कळेल. येत नसेल तर मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी मोठं करा, कंपनीने दिलेल्या मर्यादेत, आणि पुन्हा त्याच वळणावर जा.